बाहुल्यांच्या मालिकेचं लाइटिंग: दोरे चमकतात, मागची बाहुली धूसर होते. आणि यात करिअर आहे का?

दुर्बीण

नमस्कार मंडळी,

पुण्यात कर्वे रस्त्यालगतच्या एका छोट्या स्टुडिओत लहान मुलांसाठी बाहुल्यांची मालिका होते आहे. १३ भाग, प्रत्येकी १२ मिनिटं. लाइटिंग आणि कॅमेरा, दोन्ही जबाबदाऱ्या माझ्याकडे. माणसांचं लाइटिंग जमतं, बाहुल्यांचं पहिल्यांदाच.

खोली १८ बाय २४ फूट, छत ११ फूट. कळसूत्री बाहुल्या २० इंची, लाकडी चेहऱ्याच्या, ऑइलपेंटने रंगवलेल्या. तीन भागांत हातमोज्याच्या बाहुल्याही आहेत. कॅमेरा सुपर ३५ सेन्सरचा, लेन्सेस ३५, ५० आणि ८५ मिलिमीटरच्या. दिवे: २०० वॉटचे चार एलईडी, १ किलोवॉटच्या दोन बेबी, म्हणजे पुढे भिंग असलेले टंगस्टनचे छोटे दिवे. उजेड अडवायला कटर आणि परतवायला थर्माकोल हवे तेवढे.

टेस्ट केली त्यात तीन भानगडी दिसल्या. दोन बाहुल्या पुढेमागे उभ्या केल्या की एक कुठलीतरी धूसर. बॅकलाइट लावला की दोरे चांदीच्या तारांसारखे चमकतात. आणि राजाचा लाल फेटा असा फुटतो की कापडाची वीणच दिसत नाही, नुसता लाल डाग.

दुसरा प्रश्न पोटाचा. परदेशी बाहुली-मालिकांच्या श्रेयनामावलीत 'लाइटिंग कॅमेरामन' असं वेगळं पद असतं. हा नेमका कोण? आपल्याकडे या कामावर कुणी उभं राहू शकतं का, आणि कोटेशनमध्ये काय काय धरायचं?

अर्धा स्टॉप

दुर्बीणताई, पहिली भानगड सुटेपर्यंत बाकीच्या दोन बाजूला ठेवा. माणसांच्या कामात आपण आधी मूड ठरवतो आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं ते (एफचा आकडा मोठा तसं तोंड लहान), त्यातून निघतं. बाहुलीच्या कामात आधी ॲपर्चर, मग बाकी सगळं.

हिशेब असा. सुपर ३५, ५० ची लेन्स, बाहुली १.२ मीटरवर. फ्रेमची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे कमरेवरची बाहुली आणि शेजारी दुसरीला जागा. या अंतरावर एफ/२.८ ला जेमतेम ८ सेंटिमीटर शार्प मिळतात. एफ/५.६ ला १६, एफ/८ ला २३, एफ/११ ला ३२. पुढच्या बाहुलीचं नाक ते मागचीचा कान एवढं धरलं तरी २० सेंटिमीटर होतात. तेव्हा एफ/८ हा पाया धरा, तीन बाहुल्यांच्या शॉटला एफ/११. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, लहान तोंडातून उजेड पसरतो त्या डिफ्रॅक्शनमुळे सगळंच चित्र मऊ पडायला लागतं. फोकसही पुढच्या बाहुलीच्या डोळ्यावर लावू नका. इतक्या जवळच्या अंतरात शार्पनेस पुढेमागे जवळपास सारखाच वाटला जातो, म्हणून दोघींच्या मधोमध टेप धरायची. माणसांच्या शॉटमधली 'एक तृतीयांश पुढे, दोन तृतीयांश मागे' ही सवय इथे फसवते.

आता उजेड किती? आयएसओ १००, शटर १/५०, एफ/२.८ याला १०० फूटकँडल (उजेड मोजायचं एकक) लागतात. एवढं एकच पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. आयएसओ ८०० केलं तर उजेड आठपट कमी लागतो, एफ/२.८ वरून एफ/८ म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), तो आठपट जास्त लागतो. फिरून आलो १०० फूटकँडलवरच, म्हणजे सुमारे १०७५ लक्स. तुमच्या २०० वॉटच्या एका एलईडीला डिफ्यूजन लावून दीड मीटरवर ठेवलात तरी एवढं सहज मिळेल. १९६० च्या दशकात बहुतेक काळ रंगीत निगेटिव्ह फिल्मचा वेग (आजच्या भाषेत आयएसओ) ५० होता. तेच एफ/८ गाठायला १६०० फूटकँडल ओतावे लागायचे, तेही टंगस्टनने. म्हणजे सेटवर भट्टीच. आज तुम्हाला उजेडाची चणचण नाही, जागेची आहे.

जागेवरून पुढचा मुद्दा. खोली लहान म्हणून दिवा बाहुलीच्या उरावर आणायचा मोह होतो. की-लाइट, म्हणजे मुख्य दिवा, १ मीटरवर असताना बाहुली २५ सेंटिमीटर दिव्याकडे सरकली, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या संवादात जेवढी सरकते तेवढीच, तर उजेड पावणेदोन पटीहून थोडा जास्त होतो. जवळपास एक स्टॉप. तोच दिवा ३ मीटरवर असता तर फरक पाव स्टॉपाचा. म्हणून की-लाइट खोलीच्या तिरक्या कोपऱ्यात, जितका लांब जाईल तितका. २४ फुटी बाजू सेटच्या रुंदीला न देता कॅमेऱ्याच्या दिशेला द्या. पार्श्वभूमीचा पडदा बाहुलीपासून दीड मीटर मागे नेता आला तर तो आपोआप थोडा मऊ होतो आणि त्याचं लाइटिंगही सुटं करता येतं.

सॉफ्टबॉक्सबद्दल, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी खोक्याबद्दल, जरा स्पष्टच बोलतो. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स माणसाला बऱ्यापैकी सॉफ्ट. तोच २० इंची बाहुलीसमोर म्हणजे तिच्या उंचीपेक्षा मोठी खिडकी. चेहरा सपाट पापडासारखा होतो. सुताराने नाक, भुवया, गालफडं खोल कोरली ती सावली पडावी म्हणून, आणि आपण ती सावलीच पुसून टाकतो. की-लाइटसाठी बेबीसारखा फ्रेनेल (भिंगाचा दिवा) किंवा एलईडीवर फ्रेनेलचा ॲटॅचमेंट घ्या, समोर फार तर ट्रेसिंग पेपरचा तळहाताएवढा तुकडा. भाड्याने १५० वॉटचे डेडोलाइट मिळाले तर सोन्याहून पिवळं. ते असल्या लहान जागेसाठीच नावाजलेले आहेत.

आता या कामातली मुख्य गोष्ट. बाहुलीचा चेहरा हलत नाही, म्हणून सावली हलली पाहिजे. की-लाइट कॅमेऱ्यापासून ५० ते ६० अंश बाजूला ठेवा आणि बाहुली चालवणाऱ्याला सांगा, मान १०-१५ अंशच फिरव. नाकाची सावली गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत सरकते आणि तोच लाकडी चेहरा आधी हसरा, मग खट्टू दिसतो. हेच दिवा समोर असताना करून बघा, काहीही होत नाही. शूटच्या आधी प्रत्येक बाहुलीसाठी हा अर्ध्या तासाचा उद्योग करा: मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, आणि कुठल्या कोनात ती 'विचार करते' ते वहीत लिहून ठेवा. दिग्दर्शकाला ती वही सोन्याच्या मोलाची वाटेल.

फेट्याचं नंतर लिहितो, किंवा पासोड्या लिहितीलच.

चौथा दोरा

वरचं सगळं मान्य. बाहुल्या बनवणाऱ्यांच्या आणि चालवणाऱ्यांच्या बाजूने दोऱ्यांबद्दल लिहितो.

दोरा चमकतो तो बॅकलाइटमुळे, हे अर्धंच खरं. दोरा म्हणजे उभा, गोल आणि बारीक दांडा. त्याच्यावर पडलेला उजेड बाजूला कुठेही फेकला जाईल, पण वर-खालचा कोन सोडत नाही. दिवा कॅमेऱ्याच्या उंचीवर असेल तर झळाळी थेट लेन्सच्याच उंचीवर येते, मग दिवा पुढे असो, बाजूला असो की मागे. दिवा ४५ अंश किंवा त्याहून वरून येत असेल तर झळाळी तितक्याच उतारावर खाली जाते, लेन्सच्या पायाशी. म्हणून सगळे दिवे उंचावरून, कॅमेरा बाहुलीच्या डोळ्याच्या पातळीला. आणि म्हणूनच लो-अँगल शॉटमध्ये अचानक सगळे दोरे पेटतात: आता लेन्स त्या उतारावर येऊन बसलेली असते. लो-अँगल हवाच असेल तर त्या शॉटपुरता बॅकलाइट बंद.

बॅकलाइट पूर्ण सोडू नका, नाहीतर बाहुली पडद्याला चिकटलेली दिसते. दिव्यापुढे दोन कटर लावून उजेडाची आडवी पट्टी करा, ती खांद्यापासून डोक्याच्या वर चार बोटांपर्यंतच पडेल अशी. त्याच्या वरचा दोरा अंधारात गेला की नजर तिकडे जात नाही.

दोरा कुठला? नायलॉनची मासेमारीची तंगूस अजिबात नको. ती पारदर्शक म्हणून लोक आणतात, पण प्रत्यक्षात काचेच्या नळीसारखी चमकते. पीळ दिलेला काळा किंवा गडद तपकिरी सुती-पॉलिएस्टर दोरा घ्या. मेण लावलेला असेल तर मेण बाहुलीच्या जवळच्या भागावरून काढून टाका. पोस्टर कलर पाण्यात पातळ करायचा, स्पंजवर घ्यायचा आणि दोरा त्या स्पंजमधून ओढायचा. पडद्याच्या रंगाचा. पडदा खाली मातकट आणि वर निळा असेल तर दोराही खाली मातकट, वर निळा. प्रत्येक सेटसाठी पाच मिनिटांचं काम आहे. वाळल्यावर बोटाला रंग लागत असेल तर बेत जमला, म्हणजे रंग मॅट आहे.

पडद्यावर उभ्या रेषा असू द्या. बांबूचं कुंपण, झाडांची खोडं, चुण्यांचा पडदा, पावसाळी भिंतीवरचे ओघळ. उभ्या रेषांच्या गर्दीत चार दोरे कुठच्या कुठे हरवतात. गुळगुळीत निळं आकाश हा सगळ्यात वाईट पडदा, आणि नेमका तोच प्रत्येक लेखकाला हवा असतो. कॅमेऱ्याच्या मेनूत शार्पनेस किंवा डिटेल असेल ते शून्यावर. ते दोऱ्याभोवती पांढरी किनार काढून ठेवतं, जी नंतर एडिटवाल्याच्या बापालाही पुसता येत नाही.

डोळे. ऑइलपेंटचा सपाट काळा ठिपका असेल तर आय-लाइट (डोळ्यात चमकता ठिपका पाडणारा दिवा) कितीही लावा, डोळा मेलेलाच. फक्त बुबुळावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. फक्त बुबुळावर, पांढऱ्या भागावर लावलं तर पूर्ण डोळ्यावर एक आडवा पट्टा उमटतो आणि बाहुली मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते. मग लेन्सच्या जरा वर, घड्याळात ११ वाजताच्या जागी, ट्रेसिंग पेपर लावलेला छोटा एलईडी. एकच. दोन ठिपके उमटले की बाहुली तिरळी वाटते. हा दिवा लेन्सच्या पातळीला आहे, तेव्हा वरच्या नियमाने तो दोरे पेटवणार. त्याच्यापुढे काळ्या फॉइलची नळी करून उजेड चेहऱ्यापुरताच ठेवा.

चेहऱ्याचा बाकीचा ऑइलपेंट मात्र चमकता कामा नये. मॅट वार्निशचा एक हात द्या. ते नको असेल तर टाल्कम पावडर मऊ ब्रशने, दर तासाला. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून चमक मारता येते, पण तो दीड-दोन स्टॉप खातो आणि मग एफ/८ गाठताना नाकी नऊ येतात.

छताबद्दल. तुमचं खरं दुखणं ११ फुटी छत हेच आहे. बाहुली चालवणारे मचाणावर उभे राहणार. सेटची जमीन १ फुटावर, मचाण ५ फुटावर, त्यावर साडेपाच फुटी माणूस म्हणजे साडेदहा फूट झाले. सेट अजून उचलायला वाव नाही. त्यामुळे कॅमेरा जमिनीलगत येणार, नेहमीचा ट्रायपॉड चालणार नाही, बेबी लेग्ज किंवा हाय-हॅट, म्हणजे कॅमेऱ्याचे ठेंगणे स्टँड, मागवा. मचाणाच्या वर दिवा लावलात तर चालवणाऱ्याच्या हातांच्या सावल्या थेट बाहुलीच्या तोंडावर. सगळे उंच दिवे मचाणाच्या पुढच्या कडेच्या अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला हवेत. बॅकलाइट मात्र मचाणाच्या खालून.

हातमोज्याच्या तीन भागांना सेट साफ बदलावा लागेल. उभं राहून चालवायचं तर कठडा ६ फुटांवर जातो, बाहुली साडेसात फुटांवर, वर दिव्यांना जागाच उरत नाही. चालवणाऱ्यांना बसवा. गॅरेजमध्ये मेकॅनिक वापरतो तसे चाकांचे ठेंगणे पाट करून घ्या, कठडा साडेतीन-चार फुटांवर आणा. बॅकलाइट त्यांच्या डोळ्यांत जातो का ते स्वतः पाटावर बसून बघा. दिपलेल्या माणसाची बाहुली नेहमी कॅमेऱ्याच्या जरा वर बघते, आणि आपण उगाच हाताला दोष देतो.

नुसता वाचक

दोऱ्यांची एवढी लाज कशाला? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे दोरे उघड दिसतात आणि कुणाचा रसभंग होत नाही. 'कळसूत्री' या नावातच सूत्र आहे की!

चौथा दोरा

@नुसता वाचक, मुद्दा बरोबर, आणि मी तर म्हणेन दिसू देत. पण दिसणं वेगळं आणि चमकणं वेगळं. मंचावर प्रेक्षक दहा फुटांवर असतो, दोरा त्याला एकसारखाच दिसतो, दोन मिनिटांत तो विसरतो. कॅमेऱ्यात दर कटला दोऱ्याची चमक बदलते, एका शॉटला आहे, पुढच्याला नाही, परत आहे. मुलांचं लक्ष त्या लुकलुकण्याकडे जातं. तेव्हा लपवायचे नसतील तर नका लपवू, पण सगळ्या शॉट्समध्ये सारखे ठेवा.

अवांतर: पिंगुळीची दुसरी कला चामड्याच्या छायाबाहुल्यांची. लाइटिंग शिकणाऱ्याने ती एकदा पडद्याच्या मागच्या बाजूने जरूर बघावी. दिवा पडद्यापासून लांब-जवळ केल्यावर सावलीच्या कडा कशा बदलतात, हे कुठल्याही वर्गापेक्षा तिथे लवकर कळतं.

पासोड्या

फेटा आणि वायरिंग माझ्याकडे.

लाल फुटतो त्याची दोन कारणं. एक, तुम्ही वेव्हफॉर्मवर (चित्राच्या उजेडाच्या आलेखावर) नुसती ब्राइटनेस बघताय. भडक लाल कापडाची ब्राइटनेस ४० टक्क्यांवर दिसत असते तेव्हा एकटा लाल चॅनल वर डोकं आपटून बसलेला असू शकतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारी आरजीबी परेड लावा, लाल कुठे सपाट होतो ते बघा. दोन, एलईडी. खोक्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ लिहिलेलं असतं, पण त्या सरासरीत गडद लाल धरलेलाच नाही. तो आकडा आर-९ म्हणून वेगळा असतो, तो ९० च्या वर आहे का बघून दिवा घ्या. स्वस्त दिव्यात तो इतका कमी असतो की लाल कधी नारिंगी दिसतो, कधी मातकट, आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग जुळवताना, ओढायला गेलं की फुटतो. सगळ्यात सोपा इलाज मात्र शिंप्याकडे आहे. फेटा कुंकवाच्या लालऐवजी विटकरी किंवा डाळिंबी करा, पोत असलेलं कापड घ्या, सॅटिन नको. पडद्यावर तो लालच दिसेल.

वीज. १ किलोवॉटची बेबी २३० व्होल्टला ४.३५ अँपियर ओढते, दोन म्हणजे ८.७. चार एलईडी मिळून ८०० वॉट, साडेतीन अँपियर. सगळं धरून सव्वाबारा, १६ अँपियरच्या एका लाइनवर बसतं. पण त्याच लाइनवर एसी असेल तर खेळ खलास. आणि ट्रिप होण्यापेक्षा वाईट म्हणजे ट्रिप न होणं: कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज दबतं. व्होल्टेज १० टक्के पडलं तर टंगस्टनचा उजेड ३० टक्के पडतो, म्हणजे अर्धा स्टॉप, आणि रंगही पिवळा होतो. शॉटच्या मध्येच. चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर एवढा चढउतार पचवतो. म्हणून चेहऱ्यावरचा की-लाइट एलईडीचा ठेवा, बेबी पडद्याला आणि खिडकीतल्या उन्हाला. एलईडी ३२०० केल्व्हिनला लावून बेबीशी जुळवा. उलटं करू नका, बेबीला निळं जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) लावलं की निम्म्याहून जास्त उजेड जिलेटिनच खातं.

सेटमधले छोटे दिवे, कंदील, खिडक्या, चुलीतला विस्तव यासाठी तपकीर गल्लीतून एलईडी पट्टी आणाल. आणा, पण डिमर तपासून. स्वस्त डिमर दिवा कमी करत नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. कॅमेऱ्याचं शटर तात्पुरतं १/५०० करा आणि पट्टीकडे बघा. काळे आडवे पट्टे दिसले तर डिमर बदला, किंवा पट्टी पूर्ण ताकदीवर ठेवून वर जिलेटिनचे थर चढवा. बाकी २५ फ्रेमला शटर १/५०. कुणी हट्टाने २४ फ्रेम मागितल्या तर शटर अँगल १७२.८ अंश करा, म्हणजे तेच १/५० होतं आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेशी भांडण होत नाही.

काळं कापड, काळी फॉइल, क्लॅम्प, कप्प्या यासाठी बोहरी आळीत एक चक्कर मारा.

दुर्बीण

सगळ्यांचे मनापासून आभार, धागा प्रिंट करून भिंतीवर लावते. एक उपप्रश्न: निर्माते म्हणतात 'सिनेमॅटिक लूक' हवा म्हणून मोठ्या सेन्सरचा फुल-फ्रेम कॅमेरा भाड्याने घेऊ. घ्यावा का?

अर्धा स्टॉप

हात जोडून सांगा, नको. त्याच फ्रेमला, त्याच अंतरावर फुल-फ्रेमवर तुम्हाला ७० च्या आसपासची लेन्स लागेल आणि एफ/८ ला २३ ऐवजी १६ सेंटिमीटरच मिळतील. सुपर ३५ एवढं मिळवायला एफ/११, म्हणजे दुप्पट उजेड. भाडं जास्त, उजेड जास्त, आणि मिळणार काय तर धूसर बाहुली.

उलट पर्याय विचारात घ्या. २/३ इंची सेन्सरचा जुना स्टुडिओ कॅमेरा, जो आता कुणी फुकटही मागत नाही, त्याच फ्रेमला एफ/२.८ वर २१ सेंटिमीटर देतो. बाहुल्यांच्या कामासाठी तो देवमाणूस आहे.

धूसरपणामुळे आणखी एक नुकसान होतं. मागचं सगळं विरघळलं की बघणाऱ्याला ती वस्तू लहान आहे हे लगेच कळतं, कारण आपल्या डोळ्याला खेळण्याचा क्लोजअप तसाच दिसायची सवय आहे. बाहुली ही बाहुली न वाटता पात्र वाटायला हवी असेल तर खोलपर्यंत शार्प ठेवा.

आणि पाणी, धूर, कोसळणारी भिंत असं काही असेल तर २५ फ्रेमवर घेऊ नका. वस्तू खऱ्यापेक्षा जितक्या पट लहान त्याचं वर्गमूळ काढून त्याने फ्रेमरेट गुणायचा. १/४ प्रमाणाची भिंत ५० फ्रेमला, १/९ प्रमाणाचं धरण ७५ फ्रेमला. फ्रेमरेट दुप्पट झाला की एक स्टॉप गेला, तो आधीच हिशेबात धरा.

लॉ कॉलेज रोड

पोटाच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही म्हणून लिहितो.

'लाइटिंग कॅमेरामन' हे ब्रिटिश पद. उजेड आणि एक्स्पोजर त्याच्या हातात, कॅमेरा चालवायला ऑपरेटर वेगळा. क्लॅपर-लोडर, फोकस पुलर, ऑपरेटर आणि मग लाइटिंग कॅमेरामन अशी शिडी. बाहुल्यांच्या टेलिव्हिजनमध्ये या पदाला किती वजन होतं, त्याचं उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये जेरी अँडरसन यांनी १९५७ मध्ये जी कंपनी काढली तिचं नाव एपी फिल्म्स. त्यातला 'पी' म्हणजे भागीदार आर्थर प्रोव्हिस, आणि ते कॅमेरामन होते. पुढे अँडरसन यांच्या 'स्टिंगरे' (१९६४) आणि 'थंडरबर्ड्स' (१९६५) या मालिकांचे छायाचित्रण-प्रमुख जॉन रीड. बाहुल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश, २२ इंचांच्या आसपास, म्हणजे तुमच्याइतक्याच. दोरे धातूच्या बारीक तारांचे, कारण ओठ हलवणाऱ्या सोलेनॉइडला वीज त्यातूनच जायची. त्या तारांवर पडद्याच्या रंगाची पावडर फुंकत असत. चौथा दोरा यांचा स्पंज हा त्याचाच चुलतभाऊ.

आपल्याकडे ऑपरेटर आणि लाइटिंग ही विभागणी लहान कामात परवडत नाही, दोन्ही एकाच माणसावर पडतं. मल्टिकॅमेरा असेल तर ऑपरेटर येतात, पण तेव्हा सीसीयूवर (कॅमेरे दुरून सांभाळायच्या पेटीवर) आयरिस, म्हणजे ॲपर्चर, कोण फिरवणार हे आधी ठरवा. कॅमेऱ्यागणिक आयरिस बदलली तर वरचा सगळा डेप्थचा हिशेब कोलमडतो. आयरिस लॉक, कमी-जास्त करायचं ते दिव्यावर.

'फक्त बाहुल्यांचं लाइटिंग' यावर पुण्यात घर चालणार नाही. १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी असेपर्यंत मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांना इथे एक हक्काचं घर होतं, ते २०१७ मध्ये बंद झालं. आता असं नियमित काम एका जागी नाही. पण हे कौशल्य वेगळ्या नावाने विकलं जातं: टेबलटॉप, म्हणजे टेबलावर मावणाऱ्या वस्तूंचं शूटिंग. मसाल्याची पाकिटं, दागिने, घड्याळं, यंत्रांचे सुटे भाग, वास्तुरचनेची मॉडेल्स, स्टॉप-मोशन जाहिराती. एक हात जागेत एफ/११ वर लाइटिंग करणारा माणूस या सगळ्यांना हवा असतो. शो-रीलवर 'पपेट' लिहू नका, 'मिनिएचर आणि टेबलटॉप' लिहा. तीन शॉट पुरेत: मान फिरल्यावर बदलणारा चेहरा, पुढेमागे दोन बाहुल्या दोन्ही शार्प, आणि एक रात्रीचा सेट, छोट्या कंदिलासह.

शिकायचंच असेल तर एफटीआयआयच्या टेलिव्हिजन विभागात इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी कुठल्याही स्टॉप-मोशनवाल्याकडे महिनाभर हमाली करावी. तिथे एका फ्रेमला दिवा किंचित हलला तरी ग्रेडिंगमध्ये शिव्या बसतात, हात आपोआप शिस्तीत येतो.

कोटेशन. दिवसाचा दर सांगून मोकळं होऊ नका, तिथेच माणूस बुडतो. वेगळ्या ओळी टाका: प्रत्येक बाहुलीची टेस्ट, प्रत्येक नव्या सेटला प्री-लाइटचा (शूटआधी दिवे लावून ठेवण्याचा) अर्धा ते एक दिवस, शूटचे दिवस, ग्रेडिंगला बसायचे दिवस, लाइटमनचे पैसे तुमच्याकडून की निर्मात्याकडून, दिव्यांचं भाडं आणि फुटलेल्या बल्बची भरपाई कुणाची. १३ भाग असतील तर शूट भागवार ठेवू नका. राजवाड्याचे तेराही भागांतले प्रसंग एका दमात, मग जंगल, मग घर. प्री-लाइट तेरा वेळा न होता तीन वेळा होईल, आणि ते वाचलेले दिवस तुम्ही निर्मात्याला आकड्यात दाखवू शकाल. यासाठी लाइट प्लॅन वहीत हवा: प्रत्येक दिव्याची जागा जमिनीवर टेपने, उंची, कोन, जिलेटिन आणि मीटरचं रीडिंग. की १००, फिल (सावली भरणारा दिवा) २५, बॅक ७० असं नुसतं लिहून ठेवलं तरी दोन महिन्यांनी एखादा शॉट परत घ्यायची वेळ आली तर अर्ध्या तासात तोच सेट उभा राहतो. मोबाइलवरच्या फोटोच्या भरवशावर राहू नका, फोन एक्स्पोजर आपल्या मनाने बदलतो.

दुर्बीण

शेवटचं एकच. हातमोज्याच्या भागांत चालवणाऱ्यांना खाली मॉनिटर देतेय. तो आरशासारखा उलटा करून द्यायचा की सरळ? एकाचं म्हणणं उलटा दिला तर सोपं जातं.

चौथा दोरा

सरळ द्या. मपेट या अमेरिकन बाहुल्यांचे कलाकारही सरळ चित्र बघूनच काम करतात. पहिले दोन दिवस बाहुली डावीकडे जायची ती उजवीकडे जाईल, चिडचिड होईल, पण चौथ्या दिवशी हात बसतो. उलटा मॉनिटर दिला तर फ्रेममधली मांडणी, दुसऱ्या बाहुलीची नजर, भिंतीवरची अक्षरं, सगळं उलटं दिसतं आणि दिग्दर्शकाच्या 'जरा डावीकडे'चा अर्थ दोघांना दोन लागतो.

मॉनिटर ठेवताना त्याची ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि वर पुठ्ठ्याची झडप लावा. नाहीतर त्याचा निळा उजेड खालून बाहुलीच्या हनुवटीवर येतो, आणि तुम्ही तासभर शोधत बसाल की हा सातवा दिवा आला कुठून.